जो बोलू शकत नाही, त्याच्या वतीने



श्रीमंतांच्या दगडी देवालयांपुढे आपला साधा देहच देवालय म्हणून उभा करणारे महात्मा बसवेश्वरांचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. त्यात आलेला स्थावर आणि जंगम हा भेद सांगताना निरूपणकार सामान्यतः मंदिर आणि मूर्ती यांच्याकडे वळतात. या अंकात आपण त्याच वचनाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. देह हे देवालय असेल, तर त्यात राहणारा जीव जेव्हा स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही, तेव्हा त्या देवालयाची किल्ली कोणाच्या हाती असावी? आणि ज्याच्या हाती ती आली, त्याने ती कशी वापरावी?

हैदराबादेत राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. मराठवाडा आणि बीदर-कलबुर्गीचा मुलूख १९५६ साली हैदराबाद राज्यातून वेगळा झाला, पण माणूस फार आजारी झाला की त्याला हैदराबादला न्यायचे, ही वाट काही बदलली नाही. लातूर, नांदेड, उदगीर, बीदर येथून रात्रीच्या गाडीने आलेली कुटुंबे निम्समध्ये, उस्मानियात, गांधी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर सतरंजी टाकून बसलेली दिसतात. आत वडील बेशुद्ध असतात. डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, "घरातले जबाबदार कोण? सही कोण करणार?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग थोरला पुढे होतो आणि कागदावर सही करतो. कागद काय म्हणतो हे त्याने वाचलेले नसते. वडिलांना काय हवे होते हे तर कोणी विचारलेलेच नसते.

सही कोणी करावी हा व्यवहाराचा प्रश्न आहे. ती कोणाच्या मनाने करावी हा धर्माचा प्रश्न आहे. आज त्याचाच विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, एखादा माणूस निर्णय घेऊ शकत नाही असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. निर्णयक्षमता म्हणजे काय? सांगितलेले समजणे, ते मनात धरून ठेवणे, बऱ्यावाईटाचा तोल पाहणे आणि आपले मत कोणत्या तरी मार्गाने व्यक्त करणे. आपला 'विवेक' हा शब्दसुद्धा वेगळे करणे, निवडणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ही निवडीची शक्ती दिव्यासारखी एकदम पेटत वा विझत नाही. तापात किंवा रक्तातील सोडियम कमी झाल्यामुळे बरळणारी आजी चार दिवसांनी पूर्ण शुद्धीवर येते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना बँकेचा व्यवहार कळत नाही, पण पोटात नळी घालायची की हाताने भरवलेले चार घास घ्यायचे, हे ते नीट सांगू शकतात. अर्धांगवायूने ज्याची वाचा गेली त्याची समज गेलेली असतेच असे नाही. त्याला हो किंवा नाही असे मानेने सांगता येते, पण समोर बसून धीराने विचारायला कोणी हवे. मनोरुग्णाची गोष्टही तीच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक माणसाला, तो मनोरुग्ण असला तरी, निर्णयक्षम गृहीत धरूनच सुरुवात करतो. तो क्षम नाही असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते दाखवून द्यावे लागते.

हैदराबादेतच २००४ साली घडलेली एक गोष्ट जाणत्यांना आठवत असेल. स्नायू क्षीण करणाऱ्या आजाराने जखडलेला, बुद्धिबळात नाव काढलेला एक तरुण कृत्रिम श्वासावर होता. मरण जवळ आहे हे त्याला ठाऊक होते. आपले अवयव निकामी होण्यापूर्वी दुसऱ्यांच्या उपयोगी पडावेत, ही त्याची इच्छा त्याच्या मातेने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे मांडली. मेंदू मृत झाल्याशिवाय असे अवयव काढण्यास कायद्यात वाव नव्हता. न्यायालयाने अनुमती नाकारली आणि त्याच डिसेंबरात तो गेला. कायद्याच्या दृष्टीने न्यायालय चुकले असे आम्ही म्हणत नाही. आपण घ्यायचे ते एवढेच, की देह पूर्णपणे परावलंबी झाला असतानाही आतला माणूस संपूर्ण जागा असू शकतो. पडून असलेल्या माणसाला स्थावर समजू नये, हाच त्या वचनाचा आजच्या काळातला अर्थ आहे.

आता ज्यांना खरोखरच निर्णय घेता येत नाही, त्यांचा विचार करू. तेथे आपला सर्वांत मोठा शत्रू आपली स्वतःची सोय असते, आणि ती हिताचा वेष घेऊन येते.

१९९४ च्या फेब्रुवारीत पुण्यात काय झाले ते पाहा. शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुली व स्त्रियांना ससून रुग्णालयात आणून त्यांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यांना कोणताही रोग नव्हता. कारण असे दिले गेले की, मासिक पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. काही शस्त्रक्रिया झाल्यावर स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, वृत्तपत्रांतून गदारोळ झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया शासनाला थांबवाव्या लागल्या. ज्यांनी हे ठरवले ते कोणी दुष्ट लोक होते असे नव्हे. मुलींच्या भल्यासाठीच हे करतो आहोत, असेच ते सांगत होते. पण सद्भक्तहो, प्रश्न साधा होता. अडचण कोणाची होती? कपडा बदलायला, धुवायला, शिकवायला माणसे कमी होती. ती अडचण संस्थेची होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून मुलींच्या देहावर शस्त्र चालवले गेले. देवळात झाडायला माणूस नाही म्हणून गाभाराच पाडावा, तशातला हा प्रकार झाला.

आपल्या घरातही हे लहान प्रमाणात घडते. रात्री उठून फिरणाऱ्या सासऱ्यांना झोपेची गोळी द्या, असे आपण डॉक्टरांना सांगतो. ती गोळी त्यांच्या विश्रांतीसाठी की आपल्या? कधी दोन्हींसाठी असते, आणि राबणाऱ्या माणसाची झोप ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु कारण आपले असेल तर ते आपले म्हणून सांगावे आणि त्यावर आधी दुसरा उपाय शोधावा. आपली सोय रुग्णाच्या नावावर खर्ची टाकू नये.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगडच्या एका अनाथ तरुणीचे प्रकरण आले. तिला सौम्य बौद्धिक अपंगत्व होते. शासकीय संस्थेत असताना तिच्यावर अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने तिच्या भल्याचा विचार करून गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण असे की, तिला विचारले गेले होते आणि तिला मूल हवे होते. कायद्याने सज्ञान झालेल्या, समज कमी असली तरी मनोरुग्ण नसलेल्या स्त्रीची संमती दुसरा कोणी देऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ती एकटी मूल सांभाळू शकणार नाही ही शंका खोटी नव्हती. पण त्यावर उपाय तिला मदत देणे हा होता, तिचे मत पुसून टाकणे हा नव्हता. कल्याणच्या अनुभवमंटपात चांभार, धोबी, नावाडी यांना बोलायला जागा होती. बुद्धीने कमी म्हणून ज्यांना आपण वगळतो, त्यांनाही जागा दिल्याशिवाय त्या मंटपाचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे येऊ. अरुणा शानबाग हे नाव महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही कन्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका वॉर्डबॉयने तिच्यावर पाशवी हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला रक्त व प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात होती. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला व्रण पडू दिले नाहीत. पुष्कळ परिचारिका अशा होत्या की तिला दुखापत झाली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

तिची कहाणी पुस्तकरूपाने सांगणाऱ्या पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, अशा अवस्थेत तिला जगवत ठेवणे थांबवावे. रुग्णालयातील लोक म्हणाले, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. न्यायालयाने अर्जदार बाईंच्या कळकळीचा आदर केला, पण अरुणाचे खरे आप्त म्हणून वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या मंडळींना मान्यता दिली आणि अर्ज फेटाळला. त्याच निकालाने असेही ठरवले की, अगदी विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जगवणारा उपचार थांबवता येऊ शकेल.

या निकालातील आप्ताची व्याख्या आपल्या परंपरेला जवळची आहे. नाते रक्ताने सांगितले जाते, पण ते सिद्ध होते दासोहाने. अमेरिकेतून फोनवर "काय वाटेल ते करा, पैशाची चिंता करू नका" असे सांगणारा मुलगा आणि तीन वर्षे मलमूत्र काढणारी सून, यांत रुग्णाच्या वेदनेची माहिती कोणाला अधिक? तरीही आयसीयूच्या दारात त्या सुनेला कोणी विचारत नाही. ती मागे, भिंतीला टेकून उभी असते. आमचे सांगणे आहे की, अशा वेळी पहिला शब्द तिचा असावा. निर्णय तिच्या एकटीचा नव्हे, पण पहिला शब्द तिचा.

मात्र या प्रकरणात एक जागा रिकामीच राहिली, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. एका बाजूला करुणा होती, दुसऱ्या बाजूलाही करुणाच होती. बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ मानले. पण दोन दया समोरासमोर उभ्या ठाकल्या तर काय करावे? अरुणाला काय हवे होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पंचविशीतल्या निरोगी मुलीने असला विचार कधी बोलून दाखवलेला नसतो. आपल्या सर्वांची स्थिती आज तीच आहे.

यासाठी शरणांच्या परिभाषेतील तीन शब्द आपल्याला क्रम लावून देऊ शकतात: अरिवु, आचार आणि अनुभाव. शरणांनी हे शब्द रुग्णालयासाठी योजले नव्हते. आम्ही ते केवळ दिशादर्शक म्हणून घेतो.

अरिवु म्हणजे जाणीव. माणूस पूर्ण जाणिवेत असताना आपल्या उपचारांविषयी काय बोलला, काय लिहून ठेवले, हे सर्वांत आधी पाहावे. ते सापडले तर आपल्या पसंतीचा प्रश्न संपला. "मला नळ्यांत अडकवून ठेवू नका" असे आईने स्वच्छ सांगितले असेल, तर मुलाला कितीही दुःख झाले तरी तो शब्द आईचा आहे. तसेच एखाद्याने "शेवटपर्यंत प्रयत्न करा" असे सांगितले असेल, तर आपण थकलो म्हणून तो शब्द बदलता येत नाही.

आचार म्हणजे वागणूक. स्पष्ट शब्द नसेल, तर त्याचे आयुष्य वाचावे. तो आजारपणाला कसा सामोरा गेला? परावलंबन त्याला किती सोसत असे? नातवंडांचा आवाज ऐकण्यासाठी तो किती वेदना पत्करी? मित्राच्या अखेरच्या आजारपणात तो काय म्हणाला? येथे प्रश्न "आपल्याला काय वाटते" असा नसून "त्याने काय म्हटले असते" असा असतो.

अनुभाव म्हणजे प्रत्यक्ष अनुभूती. जन्मतःच समज कमी असलेल्यांचे किंवा ज्यांचे पूर्वायुष्य कोणाला ठाऊक नाही त्यांचे काय? तेथे आज तो देह काय अनुभवतो आहे ते पाहावे. वेदना किती, सुधारण्याची आशा किती, उपचाराने मिळणार काय आणि सोसावे लागणार काय? कोणाच्या स्पर्शाने तो शांत होतो, कशाने घाबरतो? हे ज्याला डोळे भरून पाहता येते तोच त्याचे हित ठरवू शकतो.

आता आपल्या समाजातील दोन समजुतींचा परामर्श घेऊ. काही जण म्हणतात, देह शिवाचे मंदिर आहे, म्हणून श्वास चालू आहे तोवर प्रत्येक यंत्र लावलेच पाहिजे. दुसरे म्हणतात, लिंगैक्य होणे हे मंगल आहे, मग वृद्धांवर खर्च कशाला? दोन्हींत धर्माच्या आडून आपलेच मत बोलते. मंदिराची पूजा करायची असते, त्याला टेकू लावून उभे करण्याचा हट्ट म्हणजे पूजा नव्हे. आणि लिंगैक्याचे मांगल्य ज्याचे त्याला असते, दुसऱ्याने ते त्याच्यावर लादायचे नसते. प्राण घेणे आणि निष्फळ झालेला उपचार मागे घेऊन निसर्गाला वाट देणे, यांत भेद आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानेही हा भेद मानला. सन्मानाने मरण हा जीवनाच्या अधिकाराचाच भाग आहे असे सांगून त्यांनी आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. यंत्र थांबवले तरी वेदनाशमन, ओल्या कापसाने ओठ पुसणे, कूस बदलणे, हात हातात धरणे थांबत नाही. उलट खरी सेवा तेथून सुरू होते.

पैशाचा विषयही झाकून ठेवू नये. आयसीयूच्या बिलापायी शेत विकलेली कुटुंबे आपल्या गावोगावी आहेत. ते शेत ज्या बापाने राखले, त्याला विचारले असते तर त्याने नातवांच्या भाकरीचा विचार केला असता की नाही? बहुतेक वेळा केला असता. म्हणून खर्चाचा विचार करणे पाप नाही. परंतु ज्याला त्या शेताचा वाटा मिळणार आहे, त्याने आपला स्वार्थ चारचौघांत आधी उघड सांगावा आणि अंतिम शब्दापासून दूर राहावे. डॉक्टरांनाही स्पष्ट विचारावे: या उपचाराने काय मिळेल, काय सोसावे लागेल, न केल्यास काय होईल, आणि चार-पाच दिवस करून पाहून, गुण नसल्यास तो थांबवता येईल का? या शेवटच्या प्रश्नाने पुष्कळ कुटुंबांची कोंडी फुटते.

आता व्यवहाराचे. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्राची पद्धत सोपी केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शुद्धीत असलेल्या कोणालाही, दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आपल्या वतीने बोलण्यासाठी एका किंवा अधिक विश्वासू माणसांची नावे त्यात लिहावी लागतात. मत बदलले तर ते केव्हाही रद्द करता वा बदलता येते. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे, एकामागून एक, रुग्णाची अवस्था तपासतात आणि शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देतात. असे पत्र नसेल तर आप्तांची संमती लागते आणि दोन्ही मंडळांची तपासणी तशीच होते. अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते आणि मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. गोव्यात २०२४ साली आणि कर्नाटकात जानेवारी २०२५ मध्ये शासनाने याबाबत पावले उचलली, पण न्यायालयाचा निर्णय साऱ्या देशाला लागू आहे. मनोरुग्णांसाठीही २०१७ च्या कायद्यात आगाऊ निर्देश लिहिण्याची आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची सोय आहे.

तथापि कागद हा शेवटी कागदच. त्यामागे संभाषण हवे. आपल्याकडे आईवडिलांशी मरणाविषयी बोलणे अभद्र मानले जाते. नित्य इष्टलिंग तळहातावर घेऊन बसणाऱ्याने या विषयाला का भ्यावे? येत्या सोमवारी पूजेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रसाद झाल्यावर थोरल्यांना विचारावे, "बाबा, उद्या तुम्हाला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने आम्ही काय सांगावे? आणि कोणी सांगावे?" धाकट्यांनीही आपले सांगावे, कारण अपघात वय पाहून येत नाही. घरात बुद्धीने अधू असे कोणी असेल, तर आपल्या पश्चात त्याच्यासाठी कोण बोलेल हे ठरवावे आणि त्या बोलण्यात त्यालाही बसवावे.

अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या आसनाला शून्यसिंहासन म्हणत. आयसीयूबाहेर जमलेल्या कुटुंबानेही असे एक आसन मध्ये आहे असे मानावे. ते रुग्णाचे आसन. सून बोलेल, मुलगा बोलेल, डॉक्टर बोलतील, प्रत्येक जण त्या आसनाकडे तोंड करून बोलेल, पण त्यावर कोणी बसणार नाही. ज्या निर्णयाविषयी त्या आसनाकडे पाहून "तुम्ही असते तर हेच म्हणाला असता" असे सर्वांना म्हणता येते, त्या निर्णयावर सही करताना हात कापला तरी मन डळमळत नाही.

शरणु शरणार्थी.